'बसेल' म्हणून विकता, मग बसलं नाही तर परतही घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस राहिले होते आणि माझी गाडी चोपड्याच्या गॅरेजात स्टँडवर उभी होती, पुढचं डावं चाक काढलेलं, जुनी बेअरिंग प्रेसवर दाबून बाहेर काढलेली, आणि ऑनलाईन मागवलेली नवी बेअरिंग हातात घेऊन मिस्तरी तिला टाचणी लावून बघत होता. टाचणी चिकटेना. दोन्ही बाजूंनी लावून पाहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, हाई आपली गाडीनी बेरिंग नही शे." तिथून पुढे जे महिनाभर चाललं ते लिहायला बसलोय, पत्र लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती, कारण ज्याच्याकडे दहा-बारा वर्षं जुनी गाडी आहे आणि जो तालुक्याच्या गावात राहतो त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल.

आधी गाडीचं सांगतो, कारण घोळाचं मूळ तिथेच आहे. माझी स्विफ्ट डिझायर डिझेल, एमएच-१९ पासिंग, जुना शेप. कंपनीने १ फेब्रुवारी २०१२ ला नवी डिझायर आणली, मागून आखूड केलेली, चार मीटरच्या आतली. माझी गाडी त्याच्या आधी, डिसेंबर २०११ ला बनलेली, पण शोरूमला जुना स्टॉक उरला होता आणि डिस्काउंट बरा मिळत होता म्हणून मी ती घेतली, पासिंग झालं मार्च २०१२ ला. म्हणजे कागदावर २०१२ ची गाडी आणि अंगाने २०११ ची. आरसी वर बनवल्याचा महिना-वर्ष लिहिलेलं असतं, कोणीही वाचू शकतो, पण ऑनलाईन पार्ट घ्यायला गेलं की वेबसाईट एवढंच विचारते, कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, वर्ष कोणतं. महिना विचारत नाही. शेप विचारत नाही. वर्ष २०१२ टाकलं की वरती हिरवी पट्टी येते, "हा पार्ट तुमच्या गाडीला बसेल". आपण त्या पट्टीवर विश्वास ठेवून पैसे भरतो.

पहिला फटका आरशाचा बसला. केळीने भरलेली ट्रॉली वळवताना एका ट्रॅक्टरवाल्याने बाहेरचा आरसा उडवला, मी ऑनलाईन मागवला तर नव्या शेपचा आला, दरवाज्याच्या कोपऱ्यावर धरला तरी लगेच कळत होतं की हा वेगळ्याच गाडीचा आहे. त्यात आणखी एक गोष्ट, मला हवा होता ड्रायव्हर साईडचा आणि आलेला होता डावा, कारण त्या वर्णनात ड्रायव्हर साईड म्हणजे लेफ्ट असं लिहिलेलं. बाहेरच्या बऱ्याच देशांत ड्रायव्हर डावीकडे बसतो, तिथलं वर्णन उचलून जसंच्या तसं चिकटवलेलं, आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असतं एवढं सुद्धा कोणी तपासलं नाही. तो आरसा त्यांनी परत घेतला, पैसे बारा दिवसांनी आले. म्हटलं चला, एकदा चूक होते.

बेअरिंगचं मात्र तसं नव्हतं. ज्यांनी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरून गाडी चालवलीय त्यांना चाकाची बेअरिंग का जाते ते सांगायला नको. चाळीसच्या वर गेलं की घुर्रर्र आवाज, डावीकडे वळताना कमी, उजवीकडे वळताना जास्त, म्हणजे डाव्या बाजूची गेली. मिस्तरीने चाक फिरवून स्प्रिंगला हात लावून दाखवलं, हाताला खरखर जाणवते. तो म्हणाला, आखाजीला बहिणीला आणायला जाणार आहात ना, मग आधी ही बदला. बहीण शिरपूरला दिलीय, दरवर्षी मुराळी म्हणून मीच जातो, आईची तेवढीच इच्छा असते की लेक आखाजीला गाडीत बसून दारात उतरावी.

जळगावच्या शोरूमला फोन केला तर १४५० रुपये आणि स्टॉकला नाही, मागवावी लागेल. गावातल्या दुकानात नव्हती. ऑनलाईन ७८० ला दिसत होती, नावाजलेल्या कंपनीचं नाव, खोक्याचा फोटो, चार दिवसात घरपोच. कोणीही हेच केलं असतं. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, आफ्टरमार्केट म्हणजे डुप्लिकेट असं नसतं, आपल्याकडे बरेच लोक दोन्ही एकच समजतात. गाडीची कंपनी बेअरिंग स्वतः बनवत नाही, ती बेअरिंगवाल्या कंपन्यांकडून घेते, एसकेएफ झाली, जयपूरची एनबीसी झाली, आणि तसाच माल या कंपन्या स्वतःच्या खोक्यात घालून बाजारात कमी भावाने विकतात. तो माल चांगला असतो, माझ्या गाडीचे शॉकअप सुद्धा असेच बाहेरचे टाकलेले आहेत आणि पाच वर्षं झाली, तक्रार नाही. भांडण आफ्टरमार्केटशी नाहीच. भांडण हे की नेमका कोणता पार्ट कोणत्या गाडीचा हे न तपासता विकतात, आणि चुकलं की आपल्या माथी मारतात.

आता टाचणीचं. माझ्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोराचा ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. एबीएस वाल्या या बेअरिंगला एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पातळ रिंग असते, चाक किती वेगाने फिरतंय ते सेन्सर त्या रिंगवरून वाचतो. दिसायला दोन्ही बेअरिंग सारख्याच, बाहेरचा व्यास तोच, आतला तोच, रुंदी तीच, प्रेसवर दाबली तर आरामात बसते सुद्धा. फरक फक्त त्या रिंगचा. चुंबकाची बाजू कोणती हे ओळखायला जुने मिस्तरी टाचणी लावून बघतात, चिकटली की ती बाजू आत, सेन्सरकडे ठेवायची. बिनचुंबकाची बेअरिंग बसवली तर गाडी चालेल, आवाजही जाईल, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटणार आणि जोराचा ब्रेक मारायची वेळ आली की एबीएस काम करणार नाही. आपल्याकडे सगळ्या नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. त्याच्या आधी एकाच मॉडेलची, एकाच महिन्यात बनलेली एक गाडी एबीएस वाली आणि दुसरी बिनएबीएसची असायची. म्हणजे २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय बेअरिंग विकताच कामा नये, आणि त्या पानावर लिहिलेलं काय तर "डिझायर २००८ ते २०१२, सर्व व्हेरिएंट".

मी वाचलं नव्हतं असं नाही. खाली गिऱ्हाइकांचे प्रश्न असतात तिथे कोणीतरी विचारलेलं होतं, एबीएसला चालेल का, त्याला तीन उत्तरं, एक म्हणतो हो, एक म्हणतो नाही, तिसरा म्हणतो माझ्याकडे वॅगन आर आहे मला माहीत नाही. विकणाऱ्याचं स्वतःचं उत्तर नाही. रिव्ह्यू साडेचार स्टार, पण उघडून वाचले तर अर्धे अल्टोच्या बेअरिंगचे, काही तर पॅकिंग छान आहे एवढंच सांगणारे, सगळ्या गाड्यांच्या बेअरिंग एकाच पानावर टाकायच्या आणि सगळ्यांचे स्टार एकत्र दाखवायचे. फोटोखाली बारीक अक्षरात की फोटो फक्त माहितीसाठी. मग माणसाने बघायचं कशाकडे?

पार्सलची पण गंमत नाही, त्रासच झाला. सकाळी मेसेज आला की आज मिळणार, म्हणून मिस्तरीने गाडी उघडली, जुनी बेअरिंग काढली, आणि पार्सल आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ही बेअरिंग प्रेसने दाबून काढावी लागते, काढताना ती खराबच होते, म्हणजे तीच परत बसवून गाडी बाहेर काढू असंही करता येत नाही. नवी चुकीची आणि जुनी गेलेली, गाडी तीन पायांवर.

रिटर्न टाकला त्याच रात्री. तर उत्तर आलं, तुमच्या पिनकोडला रिटर्न पिकअपची सोय नाही, तुम्ही स्वतः कुरिअर करा. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. ज्या पिनकोडला वस्तू आणून देता येते त्याच पिनकोडवरून ती परत नेता येत नाही? पोरगा तोच, मोटरसायकल तीच, पिशवी तीच, येताना भरलेली असते आणि जाताना रिकामी. पुण्यात माझा मेहुणा राहतो, त्याच्याकडे त्याच वेबसाईटचा माणूस दुसऱ्या दिवशी दारात येऊन वस्तू घेऊन जातो. किंमत आम्हाला कमी लावत नाहीत, डिलिव्हरीचे पैसे आमच्याकडून उलट जास्त घेतात, मग परत घेताना चोपडा नकाशावर का नसतो?

कुरिअर केलं, १६० रुपये, दिल्लीचा पत्ता. बावीस दिवसांनी तेच खोकं माझ्या दारात परत, वर चिठ्ठी, "सील उघडलेलं आहे, रिटर्न नामंजूर". संपादक साहेब, सील न उघडता आतली बेअरिंग चुंबकाची आहे की बिनचुंबकाची हे ओळखायचं कसं, हे त्या माणसाने येऊन मला दाखवावं. मी फोटो पाठवले, टाचणीचा व्हिडिओ पाठवला, मिस्तरीच्या लेटरहेडवर लिहून पाठवलं. चॅटवर रोज नवा माणूस, का मशीन कोण जाणे, दरवेळी पहिल्यापासून सांगायचं, दरवेळी उत्तर, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व", आणि मग चॅट बंद. वेबसाईट म्हणते विक्रेत्याला विचारा, विक्रेता म्हणतो वेबसाईटची पॉलिसी, आणि विक्रेत्याचा जो नंबर दिलाय तो लागत नाही.

मग आखाजीचं काय झालं, तर मी सकाळच्या एसटीने जळगावला गेलो, विदगावच्या पुलावरून तापी ओलांडताना डोकं नुसतं तापलेलं. फोनवर स्टॉक नाही म्हटलेल्या शोरूमकडून पत्ता घेऊन पार्टच्या एका जुन्या दुकानात गेलो, काउंटरवरच्या काकांनी मॉडेल विचारलं नाही, वर्ष विचारलं नाही, पहिलं वाक्य, "चॅसिस नंबर सांगा." मी आरसीचा फोटो पुढे केला. त्यांनी कॉम्प्युटरवर नंबर टाकला, गाडी डिसेंबर ११ ची, एबीएस आहे, पार्ट नंबर आला, तो जुना नंबर बंद होऊन नवा नंबर पडला होता तो पण खाली आला, आणि दोन मिनिटात खोकं काउंटरवर. ११०० रुपये, आफ्टरमार्केटच, पक्कं बिल. मी तिथेच खिशातून टाचणी काढून लावली, चिकटली. पण गाडी फिट होऊन रस्त्यावर यायला आखाजीची दुपार उलटली, बहिणीला मी आदल्या दिवशी एसटीनेच आणलं होतं, चौवेचाळीस डिग्रीत, दोन लहान पोरं आणि सामान घेऊन. ती काही बोलली नाही, पण आईच्या तोंडावर दिसत होतं.

त्या काकांचं गुणगान करून "बघा, गावातच घ्या" असं सांगायला हे पत्र नाही. गावातल्या काउंटरवर पण डुप्लिकेट ब्रेक पॅड मिळतात, बिल मागितलं की भाव बदलतो, हे मला चांगलं माहितीय. आणि जुन्या गाडीचा स्टॉक ठेवणं दुकानदाराला परवडत नाही, वर्षातून एक गिऱ्हाईक येणार त्यासाठी तो माल किती दिवस धरून बसेल? शहादा, साक्री, बोदवड, भडगाव इथल्या माणसाला ऑनलाईन शिवाय पर्याय उरत चाललेला नाही, म्हणूनच ते नीट चाललं पाहिजे. आणि त्या काकांनी जे केलं त्यात काही जादू नव्हती, चॅसिस नंबर टाकला. हेच वेबसाईटला का जमत नाही? एवढं मोठं ॲप, मी काल काय बघितलं ते त्याला पाठ असतं, आणि गाडीचा सतरा अक्षरांचा नंबर घ्यायला एक रकाना नाही.

कायदा नाही म्हणून हे चाललंय असंही नाही. नंतर एका वकील मित्राकडून समजून घेतलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि जुलै २०२० पासून ई-कॉमर्सचे वेगळे नियम आहेत. त्यात स्पष्ट आहे की वस्तू खराब निघाली, नकली निघाली किंवा पानावर जे सांगितलं तशी नसली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. वेबसाईटने विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क दाखवायला हवा. तक्रार अधिकारी नेमायला हवा, त्याने तक्रार मिळाल्याचं ४८ तासात कळवायचं आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. माझ्या तक्रारीला ४८ तासात उत्तर आलं, ते एक ठरावीक ईमेल, निकाल काही लागला नाही. "सर्व व्हेरिएंटला बसेल" असं पानावर लिहिलं आणि बसली नाही, तर ती सांगितल्यासारखी वस्तू नाही, यात सील उघडलं का नाही याचा संबंधच येतो कुठे?

मला वाटतं ग्राहक खात्याने आणि परिवहन खात्याने मिळून या पार्टच्या धंद्याकडे वेगळं बघायला पाहिजे. शर्ट ढगळ आला तर माणूस भावाला देतो, ब्रेकचा किंवा स्टेअरिंगचा पार्ट चुकीचा आला आणि घाईत कोणी तसाच बसवला तर? आमच्याकडे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढतात-उतरतात लोक, रोजचा रस्ता आहे तो, उतारावर नकली पॅड तापून ब्रेक लागेनासा झाला तर चॅटवर क्षमस्व म्हणून काय उपयोग. ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शन, चाकाची बेअरिंग, एवढ्या पार्टला तरी चॅसिस नंबर घेतल्याशिवाय विक्री नको. पानावर गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर आणि बनावटीच्या महिन्यापासून महिन्यापर्यंत असं लिहा, नुसतं वर्ष नको. एक नग आहे का जोडी आहे ते आकड्यात लिहा, कारण फोटोत दोन दिसतात आणि खोक्यात एक निघतो, हे माझ्या चुलतभावाचं लिंक रॉडच्या बाबतीत झालंय. आणि जिथे डिलिव्हरी तिथे रिटर्न, ही अट लावा, नाहीतर त्या पिनकोडला विकूच नका, निदान पैसे भरायच्या आधी लाल अक्षरात सांगा की तुमच्या गावातून आम्ही परत नेणार नाही.

वाचकांना माझ्याकडून एवढंच, जे मला पैसे घालवून कळलं. मागवायच्या आधी गॅरेजातून पार्ट नंबर लिहून घ्या, जुन्या पार्टवर बऱ्याचदा कोरलेला असतो, ग्रीस पुसलं की दिसतो. जुना पार्ट काढायच्या आधी नवा हातात घेऊन दोन्ही शेजारी ठेवून बघा, माझी खरी चूक तीच, पार्सलच्या मेसेजवर विसंबून गाडी उघडली. खोकं फोडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा, मध्ये बंद करू नका. खोक्यावर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि बाहेरून आलेला माल असेल तर कोणत्या देशात बनलं, हे नसेल तर तिथेच शंका घ्या, हे छापणं सक्तीचं आहे. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, बेअरिंगचे फोटो पाठवले की खरी-खोटी कळवतात. आणि पक्कं बिल घ्याच, पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, त्यामुळे कच्च्या बिलात आता पूर्वीएवढा फायदा उरलेला नाही. बिल नसेल तर पुढे कुठेच उभं राहता येत नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, वेबसाईटकडून परत तेच सील उघडल्याचं उत्तर आलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाईन तक्रार भरलीय. पूर्वी विकणारा जिथला तिथे जावं लागायचं, आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखाच्या आतल्या वस्तूला फी लागत नाही. घरचे म्हणतात ७८० रुपयांसाठी एवढं कशाला. मी म्हटलं ७८० आणि कुरिअरचे १६०, आणि आखाजी वेगळी. ती बेअरिंग खोक्यासकट, फाटलेल्या सीलसकट, नामंजूरच्या चिठ्ठीसकट कपाटावर ठेवलीय, सोबत टाचणी पण ठेवलीय, जळगावच्या आयोगात तारीख लागली की घेऊन जाणार आहे आणि साहेबांच्या समोर लावून दाखवणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
चोपडा, जि. जळगाव